हक्कसोडीची साडी

आमच्याकडे बहिणीने बापाच्या जमिनीतला वाटा भावांना सोडून दिला की भाऊ तिला साडी घेतात. मीही माहेरून तशी साडी घेतली होती. त्याचं मला काही वाटलं नाही, सगळ्याच घेत. पण माझा नवरा गेला, तेरावं झालं, सातबाऱ्यावर आम्हा वारसांची नावं लागली आणि धुळ्याला नोकरी करणारा धाकटा मुलगा दोन साड्या घेऊन आला. एक माझ्या मुलीला, एक मला.

"मले कायले?" मी विचारलं.

"उद्या रजिस्टर ऑफिसात जायचं हाये, माय. ताई सही करते, तूबी करून टाक. मग मळा आम्हा दोघा भावांच्या नावावर होतो."

मुलगी सासरी जाते. मी कुठे जाणार होते? त्याच मळ्यात केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापता कापता माझा गुडघा गेला. नवऱ्यामागे बायकोलाही मुलांइतकाच वाटा मिळतो, हे वारसांची नावं लावताना तलाठ्याने सांगितलं होतं. माझ्या जाऊबाईंनी मागे अशीच सही केली. आता त्या एक महिना एका मुलाकडे, एक महिना दुसऱ्याकडे. पिशवी भरलेलीच ठेवतात.

ऑफिसात मुलीने सही केली, मशीनवर अंगठा ठेवला, फोटो काढला. मग माझा कागद पुढे आला. साहेबाने विचारलं, "आजी, राजीखुशीने सोडताय ना?"

"नाही."

साहेबाने मान वर केली. बहुतेक बाया प्रश्न संपायच्या आत हो म्हणत असणार.

थोरला कानाशी आला. "माय, लोकांपुढे काय लावलं? तुले खायला कमी करू का आम्ही?"

"नको करू. पण माझं नाव राहू दे."

"वर घेऊन जाशील जमीन?"

"तुझ्या बापाने नेली का?"

रिक्षात कोणी बोललं नाही. ते न बोलणं घरी आलं आणि घरातच राहिलं. सून ताट माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवते. जेवण चांगलं असतं, खोटं कशाला सांगू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येते. अंगणात झोका बांधतात, पुरणपोळी होते, सगळे हसतात. ती माझ्याजवळ येऊन एकदाच बोलली, "तू माझी सही फुकट घालवली, माय. आता भाऊ मलेही वाकड्या नजरेनं पाहतात." मग परत अंगणात गेली. मी आत बसून आवाज ऐकत होते. सही केली असती तर मीही तिथे बसले असते, हे मला कळतं.

उताऱ्यावर माझं नाव आहे, म्हणून पीककर्जाला माझी सही लागते. वर्षातून एकदा थोरला कागद घेऊन येतो आणि खाटेच्या कडेवर बसतो. मी चौथी शिकलेली. एकेक अक्षर लावून वाचते.

"दरवर्षीचाच कागद हाये, माय."

"असू दे."

वाचून होईपर्यंत त्याला बसावं लागतं. मी घाई करत नाही. यंदा मध्येच म्हणाला, "गुडघा दुखतो का अजून?"

"दुखतो," मी म्हणाले, आणि पुढचं पान घेतलं.