अर्धा नकाशा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एरंडोल तालुक्यातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत होतो. कॉलेजला पारदर्शक शीटवरचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणारा ओव्हरहेड प्रोजेक्टर मिळाला, पण तो चालवता कुणालाच येत नव्हता, म्हणून कपाटातच पडून राहिला. फिजिक्सच्या मॅडमनी तो बाहेर काढला. त्या दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून रोज अपडाउन करत. शनिवारी तास संपले की त्या आम्हा प्राध्यापकांना बाकांवर बसवून शिकवू लागल्या.

"इतकी वर्षं खडूवर निभावलं, आता हे काय सिनेमाचं खूळ?" इतिहासाचे सर म्हणाले. पण चहा होता, म्हणून थांबले.

पारदर्शक कोऱ्या शीट महाग. मॅडमनी दवाखान्यातून जुने एक्स-रे आणले आणि ब्लीचिंगच्या पाण्यात धुऊन पार स्वच्छ केले. त्यावर मी गिरणेच्या खोऱ्याचा रंगीत नकाशा काढला. खिडक्या लावून तास घेतला, तेव्हा मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

तास संपल्यावर म्हणाल्या, "नकाशा सुंदर होता, सर. पण तुम्ही सगळा वेळ पडद्याकडे बघत होतात. अंधारात मागची पोरं झोपली होती."

मला राग आला. "मग मी करू काय?"

"अर्धाच नकाशा काढा. उरलेला त्यांना काढू द्या."

पुढच्या तासाला मी फक्त नदीची रेघ आणि एरंडोलचा ठिपका घेऊन गेलो. एक खिडकी उघडी ठेवली. "तुमच्या गावचे नाले दाखवा," म्हटलं. कुणी उठेना. शेवटी पद्मालयाकडून येणारी एक मुलगी उठली. हजेरीशिवाय तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पेन धरलेल्या बोटांची भली मोठी सावली पडद्यावर पडली आणि वर्ग हसला. तिने नाला काढला.

"तठे नही, आठे शे!" तिची मैत्रीण बाकावरून ओरडली. "पूर उना का बठ्ठं पानी आठेच येस." पुराचं सगळं पाणी येतं ती जागा तिने बोटाने दाखवली.

"मग तू काढ ना!"

मैत्रीण पुढे आली. मागोमाग आणखी चौघं-पाचजण. मी खिडकीपाशी सरकलो. हात रिकामे, काय करावं कळेना. "हा नाला इथेच का वळतो?" एवढंच विचारलं, तर एकदम चारी बाजूंनी उत्तरं आली. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

स्टाफरूममध्ये इतिहासाच्या सरांनी विचारलं, "कसला गोंधळ चालला होता?" मी सांगितलं. सोमवारी ते धुतलेली एक एक्स-रे फिल्म घेऊन आले. "किल्ल्याचा आराखडा यावर कसा काढायचा, दाखवता का?"

वर्षअखेरीस मॅडमच्या यजमानांची बदली झाली आणि त्या कॉलेज सोडून गेल्या. शनिवारची बैठक आम्ही बंद केली नाही, पाळीपाळीने घ्यायचं ठरलं. पहिली पाळी माझी होती. समोर सगळे आपलेच सहकारी, तरी मला दरदरून घाम फुटला. विद्यार्थ्यांपुढे तो कधी फुटला नव्हता.