ते उत्तर आलं होतं

माझ्या फजित्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ आहेत, कारण त्या मीच सांगत फिरतो. एका शोकसभेत मी ज्यांच्याबद्दल गहिवरून बोललो, ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होते — गेले होते ते त्यांचे धाकटे बंधू. एकदा भलत्याच साखरपुड्यात शिरून जेवून आलो, वर जिलबी गार होती म्हणून कुरकुरही केली. हे सगळं मी रंगवून सांगतो. लोक हसतात, त्यांच्याबरोबर मीही.

एक मात्र आहे, जी माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. मुलाला सांगितली नाही. बायकोला सांगितली असती, पण हे घडलं तेव्हा ती नव्हती. कधी कधी वाटतं, बाकीच्या फजित्या मी एवढ्या हौसेने सांगतो त्या या एका फजितीसाठीच. इतक्या उघड्या पडलेल्या माणसाने आणखी काही झाकून ठेवलं असेल, असं कुणाच्या मनात येणार?

कुठून सुरुवात करू? गायकवाडपासून करतो.

वसंत गायकवाड. आमच्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, मी दुसऱ्या. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. मी त्याला मास्तर म्हणायचो, तो मला परब्या. दोघांचेही वडील गिरणीत — माझे कोकणातून आलेले, त्याचे सोलापूरकडून. मुलुंडला राहायला आलो तेव्हा वर पाणी चढायचं नाही. बादल्या घेऊन जिने चढताना आमची ओळख झाली. माझी बायको गेल्यावर मला भात लावायला त्याने शिकवलं. मी पाण्यासाठी मापाचा पेला शोधत होतो. त्याने माझं बोट धरून पातेल्यात बुडवलं. "तांदळावर एक पेर पाणी, येड्या. देवाने माप हाताला लावून दिलंय आणि तू कपाटं उघडतोयस." अजून तसाच लावतो. बरा होतो.

सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला झेंडा चढला की गायकवाड पाच मिनिटं बोलायचा. संविधानावर. हातात कागद नाही, आवाज चढवणं नाही. पोरंसुद्धा चुळबुळ करायची नाहीत. मी तेव्हा कुठे असायचो? मागे, टेबलाशी, बटाटेवड्यांवरच्या माश्या हाकत. त्या शोकसभेनंतर मला माईक कोण देणार? मीच त्यावर विनोद करायचो — माझ्या हातात वडे सुरक्षित, माईक नाही.

माईक मला हवा होता का? हवा होता. हे आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर पुढे लपवीन.

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. कुणीही काही लिहिलं की ते आधी माझ्याकडे यायचं. मी मंजूर केलं तरच इतरांना दिसायचं. नियम मीच घातले होते. शिवी नाही, जात नाही, धर्म नाही आणि सकाळचे सुविचार अजिबात नाहीत. निवडणुका आल्या, गेल्या, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले — आमच्या ग्रुपवर कुणी कुणाची आई-बहीण काढली नाही. लोक बाजारात थांबवून सांगायचे, परब, राजकारण बोलूनही भांडण न होणारा हा एकच ग्रुप. मी घरी येऊन फोन चार्जिंगला लावायचो तो एखाद्या तानपुऱ्याला गवसणी घालावी तसा. रिकाम्या घरात माणसाला मिरवायला काहीतरी लागतं.

मग तो नोटांचा विषय निघाला.

कुणीतरी युरोप फिरून आलं होतं. त्याने लिहिलं, इतके देश पाहिले, एकदाही नोटा बदलाव्या लागल्या नाहीत, सगळीकडे एकच चलन. त्यावर गायकवाडने लांबलचक लिहिलं. आपण आणि आपले शेजारी — नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, आणि हो, पलीकडचा तोही — यांचं कधी एक चलन होऊ शकेल का? फायदे लिहिले, तोटे त्याहून जास्त लिहिले. शेवटी म्हणाला, माझ्या हयातीत हे होणार नाही, व्हावं की नाही हेही मला ठाऊक नाही, पण विचार करायला काय जातं?

बरंच जातं, असं दिसलं. नोटेवर चित्र कुणाचं छापणार, इथून सुरुवात झाली. एकाने सुचवलं, नारळ छापा, श्रीलंकेलाही चालेल. इथपर्यंत मजा होती. मग आमचे सेक्रेटरी नाईक आले. त्यांनी लिहिलं — "गायकवाड सर, एक नम्र प्रश्न. आपण नक्की कुठल्या देशाचे?" आणि पुढे जोडलेले हात.

मी नियम लावून पाहिले. शिवी नाही. धर्म नाही. जात नाही. मंजूर.

जात नाही, असं मी म्हणालो. हाच प्रश्न नाईकांनी मला विचारला असता का? एखाद्या परबाला, सावंताला, जोशीला — तुम्ही नक्की कुठले — असं विचारावंसं वाटलं असतं का त्यांना? तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहिणार होतो. आलं होतं. पण शब्द इतके स्वच्छ होते. स्वच्छ शब्दांना अडवायचा नियम मी केलाच नव्हता.

त्या प्रश्नाखाली अंगठे वर होत गेले. आमच्या इमारतीतलेही. ज्यांच्या मुलांना गायकवाडने फुकट शिकवलं होतं, तेही. मी एक एक नाव बघत होतो. घाबरलो. माझं नाव गायकवाडबरोबर घेतलं जातं, हे तोवर मला मानाचं वाटायचं.

आणि दुपारी त्याचं उत्तर आलं.

चहा घेऊन बसलो होतो, तो तसाच राहिला. उत्तरात राग नव्हता. नाईकसाहेब, प्रश्न चांगला आहे, अशी सुरुवात. मग त्याने लिहिलं होतं की रुपया म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांवर टाकलेला भरवसा — भाजीवाला मला ओळखत नाही, तरी माझा कागद घेऊन भेंडी देतो. हा भरवसा किती लांबवर पसरू शकेल, एवढंच मी विचारत होतो. आणि शेवटी — "माझा देश नोटेवरच्या चित्रावरून ठरत असेल, तर महिनाअखेरीला खिसा रिकामा असतो तेव्हा मी कुठला असतो?"

मी एकटाच होतो, तरी मोठ्याने हसलो. मग हसू गेलं.

हे सगळ्यांनी वाचलं असतं तर काय झालं असतं, मला अगदी स्पष्ट दिसत होतं. नाईकांचा प्रश्न तिथल्या तिथे मेला असता. चढलेले अंगठे हळूच उतरले असते. आणि वाहवा कुणाची झाली असती? मी सकाळपासून एक निवेदन लिहीत होतो — दोन्ही बाजूंनी संयम राखावा वगैरे. फार जुळवून लिहिलं होतं. गायकवाडच्या त्या पाच ओळींपुढे ते म्हणजे गटार तुंबल्याची सूचना वाटत होती.

मी ते उत्तर नामंजूर केलं.

भीतीने की हेव्याने? पुष्कळदा तोलून पाहिलंय. पारडं रोज वेगळीकडे झुकतं. मंजूर केलं तर लोक म्हणतील, ॲडमिन आपल्या दोस्ताला सांभाळतो — अशी एक सबब मी तेव्हा स्वतःला दिली होती. पण नाईकांचा प्रश्न मंजूर करताना माझा निःपक्षपातीपणा कुठे वडे तळायला गेला होता?

मग माझं निवेदन टाकलं आणि चर्चा बंद केली. दोन्ही बाजूंनी संयम राखावा. कसल्या दोन बाजू? एक तर मी गिळून बसलो होतो. लोकांनी भरभरून लिहिलं — काय संयमाने हाताळलंत, परब. ते सगळं मात्र मी तातडीने मंजूर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधाच्या केंद्रावर भेटला. हातात पिशवी, चेहरा नेहमीचा. "परब्या, काल मी उत्तर टाकलं होतं रे. आलं नाही का?"

"नाही रे."

"गेलं असं दाखवत होतं."

"नेटवर्कची बोंब आहे दोन दिवस. सगळ्यांचीच."

"परत टाकू?"

"आता बंद केलंय ना मास्तर. उगाच निखारा फुंकू नकोस. लोक विसरतील."

त्याने मान हलवली. "बरं. तू म्हणतोस तर." दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली आणि निघाला. त्याला माझं खरं वाटलं. का वाटू नये?

लोक विसरले नाहीत. विसरायला समोर उत्तर तरी लागतं ना. सर गप्प बसले, याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. जिन्यात बोलणं आखडलं. गच्चीवरच्या कोजागिरीला त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कुणी वाईट बोललं नाही. आमच्याकडे वाईट बोलत नाहीत. मीही त्या खुर्च्यांकडे गेलो नाही, दूध आटवायला उभा राहिलो. दूध आधीच आटलेलं होतं.

जानेवारीत कमिटीची मीटिंग झाली. नाईक म्हणाले, यंदा वाद नको, सगळ्यांना चालेल असं कुणीतरी बोलू दे. परब, तुम्ही. नाही म्हणायला एक शब्द लागतो. मी म्हणालो, माझ्या हातात माईक म्हणजे कुणीतरी जिवंत माणूस मरायचा. सगळे हसले. ठरलं.

त्या भाषणात ते वाक्य मला ऐनवेळी सुचलं, असं सांगायचा फार मोह होतोय. खोटं आहे. मी बेसिनच्या आरशासमोर तालीम केली होती. महिनाअखेर म्हटल्यावर कुठे थांबायचं, हात कधी खिशात घालायचा, रिकामा कधी बाहेर काढायचा — सगळं बसवलं होतं. मला वाटलं होतं की गायकवाड खाली येणार नाही. अपमान झालेला माणूस कशाला येईल?

तो आला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, स्कूटर लावतात त्या बाजूला, सगळ्यांच्या मागे. मला दिसला तेव्हा मी बोलायला उभा राहिलेलो होतो. अजूनही ते वाक्य गाळता आलं असतं. त्याच्याकडे बघून मी ते म्हणालो — रिकामा हात बाहेर काढून, अगदी ठरवल्या जागी. लोक हसले, मग टाळ्या. नाईकांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. म्हणाले, वा परब, देशभक्ती अशी सांगावी.

गायकवाडने टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली बघत उभा राहिला. टेबलाशी गर्दी झाली, तेव्हा वडे घ्यायला तोही आला. माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, आता बोलेल. सगळे होते तिथे. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा म्हटलंय मनात — पण त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं, की देवा, याने बोलू नये.

तो हळू म्हणाला, मला एकट्यालाच ऐकू येईल इतकं. "म्हणजे पोचलं होतं."

वडा घेतला. कागदात नीट गुंडाळला. लिफ्टकडे गेला.

मी मागे गेलो नाही. टेबलाशी माझ्याभोवती लोक होते, अभिनंदन चालू होतं. आणि मागे जाऊन काय म्हणणार होतो?

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. एका वाक्यात तो मला सोसायटीभर नागडा करू शकला असता. ग्रुप सोडला तोही गुपचूप. समोर आला तर "काय परबसाहेब" म्हणतो आणि लिफ्टमधल्या मजल्यांच्या आकड्यांकडे बघतो. दुसरा मजला फार लवकर येतो. आणि फार उशिरा. संध्याकाळी बागेत मी एकटा फेऱ्या मारतो, मग वर येऊन ग्रुप उघडतो. अजूनही तिथे कुणी भांडत नाही. आता फारसं कुणी बोलतही नाही. गटार, पाणी, हरवलेली मांजरं. मंजूर, मंजूर, मंजूर.

सव्वीस जानेवारीला तो दर वर्षी येतो. झेंड्याकडे बघत राष्ट्रगीत म्हणतो, पूर्ण, आवाज लावून — आम्ही बाकीचे ओठ हलवतो. ते संपलं की वर जातो. मी माईक हातात घेतो तेव्हा लिफ्ट वर चाललेली असते.

परवा नाईक घरी आले होते. यंदाही तुम्हीच बोला, म्हणाले.

मी हो म्हणालो.