बेचाळीस कार्डं, बारा लाल

नाव: श्रीमती लमियत. हुद्दा: माध्यमिक शिक्षिका, विशेष श्रेणी. विषय: गणित, त्यातही संभाव्यता व मोजणीच्या रीती. वैवाहिक स्थिती: विधवा. अपत्ये: एक, पुरुष. वर्तन: निर्दोष. धार्मिक वृत्ती: सणापुरती. इतर जबाबदाऱ्या: लष्करभरतीच्या मोसमात तालुक्यातील मातांना मोफत मार्गदर्शन. याला वरिष्ठांची लेखी परवानगी नाही. वरिष्ठांच्या पत्नी मात्र स्वतः येऊन गेलेल्या आहेत.

बाईंची ओळख एवढ्यावर संपायला हरकत नव्हती. पण एप्रिल आला आणि या खेपेला यादीत खेम होता, म्हणजे वरच्या रकान्यातलं ते 'एक, पुरुष'.

आमच्याकडे एकविशीतल्या मुलांना एप्रिलात देवळाच्या मंडपात बोलावतात. उंची, छाती मोजतात, दंडावर शाईने नंबर घालतात. जितके सैनिक हवेत तितकी लाल कार्डं, बाकीची काळी. काळं निघालं की घरी, लाल निघालं की दोन वर्षं बराकीत. मात्र कार्डं काढायच्या आधी बारावी झालेल्या एखाद्याने आपण होऊन हात वर केला, तर त्याला एकच वर्ष. शाळेत असताना तीन वर्षं लष्करी कवायत केलेल्यांना यातलं काहीच नाही. खेमने ती कवायत पहिल्याच वर्षी सोडली होती, कारण तिच्यात धावावं लागतं.

खेम नदीकाठी एका म्हाताऱ्याच्या वर्कशॉपात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं आणि खेमच्या हाताला गुण होता. पुढेमागे वर्कशॉप त्यालाच द्यायचं, हे म्हाताऱ्याने चारचौघांत सांगितलं होतं. भरतीचं निघालं तेव्हा तो म्हणाला, "एक वर्ष जागा धरून ठेवतो. दोन नाही. माझे गुडघे बघ एकदा."

आदल्या संध्याकाळी मी बाईंकडे उत्तरपत्रिका द्यायला गेलो, तेव्हा मायलेक जेवायला बसले होते.

"मी हात वर करणार," खेम माशाचा काटा काढत म्हणाला.

"मुलं किती, लाल किती, हे कळायच्या आधीच?"

"कशाला कळायला हवं? एक वर्ष जातो, परत येतो. वर्कशॉप तिथेच असतं."

"लाल निम्म्याहून कमी असतील तर हात वर करणं चूक आहे. दोन वर्षं गुणिले लालचा अंश. एकापेक्षा कमी आलं तर गप्प बसायचं."

"म्हणजे समजा अर्धं वर्ष आलं. अर्धं वर्ष कोण जातं, आई? मी एक तर दोन वर्षं जाईन, नाहीतर जाणारच नाही."

"ती सरासरी आहे."

"मग सरासरीला पाठव. मी इंजिन उघडून ठेवलंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या ताटात अजून एक मासा वाढला आणि सांगितलं, "उद्या माझ्याकडे बघ. मी मान हलवली तर हात खाली." खेमने आयुष्यभर गणिताच्या बाबतीत आईचं ऐकलं होतं. त्यात त्याचं कधी नुकसान झालं नव्हतं, आणि हीच अडचण होती.

सकाळी मंडपात पंखे होते, वारा नव्हता. मुलं उघड्या अंगाने ओळीत खाली बसली होती आणि आया दोरीच्या अलीकडे. नूडल्सवाल्या औनने आपल्या लुंगीचा काठ फाडून त्याची चिंधी मुलाच्या, मोकच्या, मुठीत कोंबली होती. आमच्याकडे बायकाही लुंगी नेसतात, आणि आईच्या लुंगीचा तुकडा जवळ असला की गोळीही लागत नाही, मग कार्डाची काय कथा. औनला तरी शंका होतीच.

"बाई, माझा मोक अकरावा आहे. लवकर आहे का हो? आधी काढणाऱ्याला लाल जास्त लागतं म्हणतात."

"नंबर कुठलाही असो, सारखंच."

"असं कसं? शेवटच्याला तर उरलंसुरलं."

"सगळी कार्डं पालथी घालून ओळीत मांडलीत असं समज," बाई म्हणाल्या. "अकराव्या जागी कुठलं कार्ड पडलंय? सगळ्यांपैकी कुठलंही. शेवटच्या जागी? तिथेही कुठलंही. कार्डाला काय माहीत तुझा मोक लवकर आला की उशिरा."

"कार्डाला नसेल माहीत, देवाला असतं."

"मग देवाला विचार, मला कशाला विचारतेस?"

सार्जंटने भोंगा तोंडाला लावला. "पोरांनो! जेवण फुकट, कपडे फुकट, केस कापायला पैसे नाहीत! आपखुशीने कोण येतंय?"

चौघे उठले. टाळ्या झाल्या. ते वजा जाता बेचाळीस मुलं उरली आणि बारा लाल. सार्जंटने कार्डं सगळ्यांसमोर मोजून दाखवली. बाईंनीही मोजली. दोन गुणिले बारा भागिले बेचाळीस, म्हणजे चार-सप्तमांश वर्ष. सात महिनेसुद्धा नाहीत.

"शेवटचं विचारतो! अजून कुणी?"

खेमचा हात मांडीवरून उचलला गेला. कोपर खांद्याच्या रेषेत आलं आणि त्याने दोरीकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. हात तसाच राहिला. बाईंनी पुन्हा मान हलवली, या वेळी वर्गात हलवतात तशी. खेमने हात डोक्यावर नेऊन केस खाजवले आणि खाली घेतला.

"खाजवतोयस की येतोयस रे?" सार्जंटने भोंग्यातूनच विचारलं. मंडप हसला. कार्डं डब्यात पडली आणि आपखुशीचा मामला तिथे संपला.

पहिली दहा जणं झाली तेव्हा चार लाल गेली होती. मोकने काळं काढलं, ओरडला, आणि चिंधी हवेत फिरवत सार्जंटच्या पाया पडायला निघाला. औन बाईंच्या गळ्यात पडली. "तुम्ही म्हणालात तसंच झालं!"

"मी काहीच म्हणाले नव्हते," बाई म्हणाल्या.

खेम चौतिसावा होता. विसाव्या नंबरानंतर डब्यातून काळ्यामागून काळं निघू लागलं. प्रत्येक काळ्याला मंडप जल्लोष करी. बाई करत नव्हत्या. दुसऱ्याचं प्रत्येक काळं कार्ड म्हणजे डब्यातलं एक काळं कमी, हे त्या तिथे बसलेल्या कुणाहीपेक्षा लवकर मोजत होत्या. तीस मुलं झाली तेव्हा बारा कार्डं उरली होती आणि त्यांत सहा लाल. बरोबर निम्मी.

पुढचं लाल निघालं. त्या मुलाची आई खाली बसली, तिला पाणी दिलं. बाईंनी श्वास सोडला आणि लगेच, चोरी पकडली गेल्यासारखं, त्या आईकडे पाहिलं. मग एक काळं. मग आणखी एक काळं.

नऊ कार्डं, पाच लाल.

"बाई," औन कुजबुजली, "आता तर लालच जास्त आहेत. तुम्ही तर म्हणाला होतात, नंबर कुठलाही असो..."

"सुरू व्हायच्या आधी."

"मग आता?"

"आता नाही."

मी त्यांच्या शेजारीच होतो. त्या खाली वाकल्या, तेव्हा मला वाटलं चक्कर आली. पण त्यांनी लुंगीचा काठ दोन्ही हातांनी धरला होता आणि ओढत होत्या. काठ मशीनवर दुमडून शिवलेला होता. फाटला नाही. औनने काठ फाडायला दात पुढे केले, तेवढ्यात चौतिसावा नंबर पुकारला गेला.

खेम उठला. दोन्ही हात वर करून मोकळे दाखवले, डब्यात एक हात घातला. दोरीकडे पाहिलं नाही. हात आत नको तितका वेळ राहिला, तेव्हा सार्जंट यादीतला त्याचा धंदा पाहून म्हणाला, "बाळा, इंजिन नाहीये ते." खेमने कार्ड काढून न बघताच सार्जंटच्या हातात दिलं.

"लाल!"

बाकीचं नेहमीसारखं. टाळ्या, सही, अंगठा, दुसऱ्या बाजूची रांग. खेम आईजवळ आला तेव्हा बाई म्हणाल्या, "लालची शक्यता दोन-सप्तमांश होती. निर्णय बरोबर होता."

"हो, आई."

"पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच सांगेन."

"पुन्हा नाही येत," खेम म्हणाला, आणि शर्ट अंगात घातला.

बाईंनी नंतर मला ते गणित तीनदा करून दाखवलं. मी इतिहास शिकवतो, पण भागाकार मलाही येतो; चूक नव्हती. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "बाई, दुसरं वर्ष तुम्ही पहिल्याएवढंच धरलंत का?"

"वर्ष म्हणजे वर्ष."

"म्हातारा एकच वर्ष थांबणार होता. खेमला दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा कितीतरी महाग होतं."

त्यांनी कागदावरचे दोन पुन्हा गिरवले. मग पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "हे त्याने मला सांगितलं होतं का?"

मी कागदाची घडी घातली. सांगितलं होतं, त्या माशाच्या जेवणात: एक वर्ष जातो, परत येतो, वर्कशॉप तिथेच असतं. मी समोर होतो.

खेम मे महिन्यात नौदलाच्या बराकीत हजर झाला. त्या वर्षीच्या कामकाजाच्या मूल्यमापनात बाईंना सर्वोच्च श्रेणी मिळाली. शेरा असा: 'संभाव्यतेचे अध्यापन उत्कृष्ट. उदाहरणे प्रत्यक्ष जीवनाशी जोडलेली असतात.'

वर्कशॉपातली जागा जुलैत भरली.