भिंतीवरची टकटक

आप्पांना चहा हवा असला की ते हाक मारत नसत. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या हात मागे नेऊन बोटांच्या पेरांनी भिंतीवर दोनदा ठोकत. टक टक. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. तिथून माई लाटण्याने एकदा ठोकत. टक. म्हणजे ऐकलं, ठेवते. मी त्यांच्याकडे चपात्या करायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, भिंतीत घूस शिरली. दचकून माझ्या हातून पिठाचा डबा पडला. माई हसून म्हणाल्या, "अगं हिरा, घूस न्हाई ती. आमचे मालक हाईत."

ते घर दौंडला, स्टेशनपासून जवळ. महायुद्धाच्या आधी रेल्वेतल्या बारा जणांनी मिळून सोसायटी केली आणि ही दोन मजली इमारत बांधली. आप्पांचे वडील त्या बारांतले एक. खाली काळा दगड, वर वीट, सागाच्या तुळया, उंच खिडक्या. आप्पा जन्मले त्याच घरात, नोकरी केली समोरच्या मालधक्क्यावर आणि निवृत्त झाले त्या दिवशीही पायीच घरी आले. त्यांचं सगळं मोजणं पावलांत असे. वाणी नव्वद पावलं, दवाखाना दोनशे, स्टेशन चारशे. कोणी बंगला बांधल्याचं सांगितलं की विचारत, "दूध आणायला गाडी काढावी लागती का? मग ते घर न्हाई, मुक्काम हाय."

सोसायटीचे सेक्रेटरीही तेच, कितीतरी वर्षं. जिन्याखाली नोटिशीची फळी होती. आप्पांचं अक्षर मोत्यासारखं आणि नियम लोखंडासारखा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. स्वतःच्या घरातलं कॅलेंडरसुद्धा त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं होतं. खालच्या शेवंताकाकूंनी नवऱ्याचा फोटो लावायला एकच खिळा मारला, तर दुसऱ्या दिवशी नोटीस. काकू भांडायला वर आल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "काकू, खिळा तुमच्या घरात, पन हादरा माझ्या घरात. भिंत सोसायटीची हाय. आपन फक्त तिच्या आडोशाला राहतो."

मी केंदूर गावची, चौथी शिकलेली. मला बोलायचं सुचत नाही. आत चपात्या करायच्या, ताट वाढायचं आणि निघायचं. पुरुषमाणसासमोर उभं राहायला मला लाज वाटे. ती भिंत होती म्हणून मी त्या घरात अकरा वर्षं टिकले. आप्पा माईंना म्हणत, "तुझी हिरा बोलती का कवा? का नुसत्या चपात्याच बोलत्यात?"

गेल्या श्रावणात माई दोन दिवसांच्या तापात गेल्या. तेराव्याला पुण्याहून आलेल्या मुलाने, विलासदादांनी, सगळ्यांसमोर सांगितलं, "आप्पा, तुम्हाला इथं एकटं ठेवणार नाही. परवा गॅस तसाच चालू होता. भिंतीपलीकडं काय चाललंय तुम्हाला कळत नाही. माझ्याकडं चला."

"चौदाव्या मजल्यावर? तिथनं वाणी किती पावलं?"

"आप्पा, चेष्टा नको."

"मग दिवाळीपर्यंत थांब. मला एकट्याला ऱ्हाता येईल असं घर करून दाखवतो. न्हाई जमलं तर येतो तुझ्या मुक्कामाला."

मी आतून ऐकत होते. आप्पांनी घर सोडू नये असं मला मनापासून वाटत होतं. पण ते कुणाला सांगणार?

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. कणीक मळून झाली होती, लाटणं हातात होतं. तेवढ्यात भिंतीवर वाजलं. टक टक.

लाटणं भिंतीपासून वीतभर लांब होतं. ते उत्तर माईंचं होतं. मी कोण देणार? मी तशीच उभी राहिले. पलीकडेही काही आवाज आला नाही. मग मी चहा करून बाहेर नेला. आप्पांचा हात अजून भिंतीवरच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेव." त्यानंतर त्यांनी पुन्हा ठोकलं नाही.

पुढच्या आठवड्यात आई आजारी म्हणून मी केंदूरला गेले. आठ दिवसांनी परत आले तर जिन्यात पांढऱ्या धुळीवर पायांचे ठसे. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. भिंत नव्हती. दारातून थेट शेगडीपर्यंत दिसत होतं. विटांच्या ढिगाशेजारी आप्पा तोंडाला उपरणं बांधून उभे होते.

"घाबरू नको. इंजिनियरला दाखवलं. आडभिंत हाय, तिच्यावर भार न्हाई."

पाठोपाठ शेवंताकाकू वर आल्या. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! माझा एक खिळा चालला न्हाई, आन् तुम्ही आख्खी भिंत पाडली? आता कुठं गेला तुमचा सेक्रेटरी?"

दुपारी टेबलाशी बसून आप्पांनी नोटीस लिहिली आणि माझ्या हातात दिली. "ही सभासदाला दे."

"कोणाला?"

ते टेबलापासून उठले आणि खुर्चीवर जाऊन बसले. "मला."

मी नेऊन दिली. 'आपण सोसायटीची परवानगी न घेता भिंत पाडली आहे. आठ दिवसांत खुलासा करावा.' आप्पांनी चष्मा लावून ती सगळी वाचली, पोच म्हणून सही केली आणि म्हणाले, "सेक्रेटरी लई कडक मानूस हाय, हिरा. सोडायचा न्हाई मला." माई गेल्यापासून ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले. नोटीस त्यांनी फळीवर लावली. शेजारी स्वतःचा माफीचा कागदही लावला आणि मग सेक्रेटरीपद सोडलं.

दोन महिने काम चाललं. न्हाणीघरात पाय न घसरणारी फरशी आली, धरायला दांडे आले. काळ्या दगडाचा ओटा आला. पण गॅस कुठे ठेवायचा ते आप्पांनी खुर्चीत बसून ठरवलं. "थोडा डावीकडं. हां. आता मला जाळ दिसतो." वरच्या सागाच्या तुळया घासून पुसून तेल लावल्यावर अशा चमकल्या की काकूही म्हणाल्या, "घर पुन्हा जल्मलं."

माझी मात्र पंचाईत झाली. लपायला जागाच उरली नाही. पहिले काही दिवस मी पाठ फिरवून चपात्या केल्या. मग हळूहळू सवय झाली. आप्पा चहा करायला शिकले. पहिला चहा त्यांनी मलाच दिला. साखर विसरले होते. मी सगळा प्यायले.

दिवाळीच्या आधी विलासदादा आले. त्यांनी नळ उघडून पाहिले, दांडे ओढून पाहिले, आप्पांच्या खुर्चीत बसून गॅसकडे पाहिलं. मग म्हणाले, "जिंकलात आप्पा. राहा इथंच." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी न सांगता पुरणपोळी केली.

आणि तुळशीच्या लग्नानंतर एका सकाळी मी गेले तर दाराशी बॅग भरलेली. आप्पा कोट घालून बसले होते.

"गावाला चाललात?"

"विलासकडं. कायमचा."

घर झालं होतं. दादा हो म्हणाले होते. मग आता काय झालं?

आप्पा ओट्याकडे पाहत म्हणाले, "तू अकरा वाजता जातीस. मग दिवसभर मी या खुर्चीत. भिंत व्हती तवर पलीकडं ती हाय, असं धरून चालता येत व्हतं. आता समोर सगळं दिसतं, हिरा. कोपरान् कोपरा दिसतो. तिथं कोनी न्हाई."

मग ते म्हणाले, "माई गेल्यावर मी एकदा ठोकलं व्हतं. तू ऐकलं व्हतंस."

मी मान हलवली.

"चुकलं का माझं, आप्पा?" अकरा वर्षांत मी त्यांना स्वतःबद्दल काही विचारलं, ते हेच.

"न्हाई गं. तू तरी काय करनार?" एवढंच म्हणून ते उठले.

गाडी पाठवतो म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी नको सांगितलं होतं. स्टेशनपर्यंत पायीच गेलो. बॅग माझ्या हातात होती. आप्पा पावलं मोजत नव्हते. गाडीत बसल्यावर ते खिडकीतून काही बोलतील असं वाटलं. गाडी सुटली तरी ते समोरच बघत होते.

आता त्या घरात नोकरी करणारं एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. त्यांना घर फार आवडतं. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, किती मोकळं केलंय! काम माझ्याकडेच आहे. काळ्या ओट्यावर चपात्या लाटते. समोर आप्पांच्या खुर्चीच्या जागी सोफा आहे. मधे काहीच नाही.

त्या दिवशी लाटणं माझ्या हातातच होतं. एकदाच ठोकायचं होतं.