पिवळ्या त्रिकोणाचा दिवस

आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते गिरणीचा पट्टा उतरवत, जातं उघडत, एकेक भाग रॉकेलच्या फडक्यानं पुसत आणि सगळं पुन्हा जोडून झाल्यावरच हळदकुंकू लावत. मळक्या हत्याराची पूजा करू नये, असं ते म्हणत. त्या गिरणीवर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि लखनौच्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर लागलो. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. वडिलांची ही शिकवण माझ्याबरोबर लखनौपर्यंत आली होती.

तिथे यंत्रांची पूजा सप्टेंबरात, विश्वकर्म्याच्या दिवशी होते. त्या दिवशी लॅबमधली यंत्रं बंद. बाकीच्यांनी आपापल्या यंत्राला कुंकवाचं बोट लावलं, झेंडू वाहिला आणि ते बुंदीकडे वळले. मी मात्र द्रावणाचा रंग मोजणारं आमचं जुनं यंत्र आणि त्याचा जाडजूड लॅपटॉप घेऊन बसलो. सगळ्या वायरी काढल्या, खाचांमधून ब्रश फिरवला, पुसलं आणि परत जोडलं. लॅबमधले चाचा म्हणाले, “भैया ने तो मशीन को नहला ही दिया.” मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीदीनं फ्रीझरमधल्या नळ्या काढून बर्फात ठेवल्या. दीदी म्हणजे आमच्या लॅबमधली सीनियर. वडील हवाई दलात, घरात मराठी, पण ती वाढली लखनौतच. मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. नळ्यांत मोहरीच्या पानांचा अर्क होता, गेल्या हिवाळ्यात तिनं स्वतः शेतांतून गोळा केलेल्या पानांचा. एकदा वितळला की संध्याकाळपर्यंत त्यातलं एन्झाइम मरणार, आणि पुन्हा गोठवलं तरी उपयोग नाही. नवीन पानं मिळायची तर पुढची मोहरी यायला हवी. तोवर तिचा प्रबंध अडकून राहणार.

“तू मशीन ऑन कर ले, मैं बफर बना के आई,” म्हणत ती ते द्रावण बनवायला शेजारच्या खोलीत गेली.

यंत्र सुरू झालं, आतला दिवा लागला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, आकडे लॅपटॉपवरच दिसायचे. आणि लॅपटॉप सांगत होता, यंत्र सापडत नाही.

मी बंद करून चालू केलं. तेच. यंत्राची जुनी पिन लॅपटॉपला बसत नसे, म्हणून मध्ये बाजारातून आणलेली एक निळी केबल होती, आणि ती चालवणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. तोच बिघडला असणार, असं मी धरून चाललो. कॉलेजात एकच उपाय शिकवला होता, काढा आणि परत टाका. मी ड्रायव्हर काढला. नवा शोधायला गेलो तर पानभर हिरवी डाउनलोड बटणं, कोणतं खरं आणि कोणतं व्हायरसचं ते कळेना. एक दाबलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती आणि यूपीएस मध्येच टीं-टीं करायला लागला. आता लाइट गेली तर, या विचारानं मी श्वास धरून बसलो.

लाइट गेली नाही. नवा ड्रायव्हर बसला आणि केबलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण उमटला. हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. मघाशी नुसतं यंत्र सापडत नव्हतं, आता केबलही गेली होती.

“हो गया?” दीदी दारात उभी होती.

“नाही, दीदी. यंत्र दिसत नव्हतं, म्हणून ड्रायव्हर बदलला. आता केबलपण चालेना.”

तिनं आधी बर्फाच्या डब्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, त्यानं मी आणखी घाबरलो.

“परसों तो चल रहा था. तब से क्या बदला?”

“काहीच नाही. मी फक्त पुसलं.”

“पुसलं मतलब? क्या-क्या निकाला?”

“सगळं.”

“और केबल वापस कहाँ लगाई?”

मी लॅपटॉपच्या कडेकडे पाहिलं. गिरणीत प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते, दुसरीकडे तो बसतच नाही. इथे तीन खाचा होत्या, अगदी सारख्या, आणि केबल तिन्हींत बसत होती. आधी ती कोणत्या खाचेत होती, मला आठवेना.

“मशीन का सॉफ्टवेअर उसी एक जगह देखता है,” ती म्हणाली. “पर पहले ये त्रिकोण. सस्ती केबल है यार, चिप डुप्लिकेट होगी. नया ड्रायव्हर ऐसी चिप चलने नहीं देता. पुराना चाहिए.”

“पुराना मी काढून टाकला.”

डब्यातला बर्फ खचला आणि नळ्या एकमेकींवर किणकिणल्या. मग तिनं ड्रायव्हर स्वतः निवडायची यादी उघडायला सांगितली. एकाच नावाच्या दोन ओळी होत्या, खालची जुन्या तारखेची. मी काढला तरी लॅपटॉपनं तो टाकून दिला नव्हता.

“दबा. मेरे हाथ गीले हैं.”

घाईत पहिल्यांदा वरचीच ओळ निवडली गेली. “नीचे वाली, भाई.” खालची दाबली. त्रिकोण गेला. मग केबल पुढच्या खाचेत लावली. यंत्र सापडत नाही. राहिली शेवटची. ती चुकली तर काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी केबल आत सारली आणि पडद्यावर यंत्राचं नाव आलं.

पण भीती तेवढ्यानं गेली नाही. अर्क जिवंत असेल तर पडद्यावरची रेघ वर चढणार होती. पहिल्या नळीची रेघ आडवी सरकत राहिली. दीदी नखं खात होती, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सरकता सरकता रेघ किंचित कलली आणि मग चढू लागली.

“अगली दे, जल्दी,” ती म्हणाली.

शेवटची नळी झाल्यावर तिनं कालच्या थाळीतलं कुंकू घेतलं आणि त्या खाचेच्या वर एक ठिपका लावला.

“अब इसे कोई नहीं नहलाएगा,” ती म्हणाली.