खातंय म्हंजे बरं हाय

मी जनावरांचा डॉक्टर. डॉक्टर आपलं लोक म्हणतात म्हणून. सरकारी कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक आहे. दिंद्रुडच्या आसपासची गावं गेली बावीस वर्षं मोटरसायकलवर फिरतोय. गाय अडली, बैलाला फुगारा झाला, शेळ्यांच्या तोंडाला फोड आले, की माझा फोन वाजतो. एरवी रस्त्यात भेटलो तर रामराम घालायचीही कुणाला आठवण राहत नाही.

पण करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या एप्रिल-मेमध्ये, माझा भाव एकदम वधारला. लोक पारावरून हाक मारायचे, "सायब, म्हशीचं राहू द्या, आमालाच एक इंजेक्शन ठोका." मी चिडायचो. म्हणायचो, माणसाचा डॉक्टर तालुक्याला बसलाय, तिकडं जा. तर तिकडं कुणी जायला तयार नाही. तिकडं गेलेला माणूस परत येत नाही, आला तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतो, असं गावोगाव पक्कं ठरलेलं होतं. त्यामुळे त्या दोन महिन्यांत आमच्या भागात करोना कुणालाच झाला नाही. ज्याला त्याला टायफाइड झाला होता. अख्ख्या घराला एकाच आठवड्यात टायफाइड! काढे पिऊन पिऊन लोकांच्या पोटात आग पडली, पण 'करोना' हा शब्द कुणी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मला राग यायचा, आणि घरी जाऊन हात धुताना कीवही यायची. भ्यालेल्या माणसावर किती वेळ रागवायचं?

सटवामामाची ओळख मात्र या सगळ्याच्या खूप आधीची. सटवामामा म्हणजे दीडशे मेंढरांचा धनी. साठी उलटलेली, अंगाने काटक, आणि बोलणं असं की समोरच्याने शाळा शिकून चूक केली असं त्याला वाटावं. बायको ताराबाई. दोघांचं आयुष्य मेंढरांच्या मागे गेलं. सुगी झाली की कुणाच्या तरी मोकळ्या रानात कळप बसवायचा, चार दिवस लेंड्यांचं खत पाडायचं, रानाच्या मालकाने धान्य घातलं की पुढच्या रानात. पोटी मूलबाळ नाही. पुतण्या भागवत आणि त्याची बायको सुकन्या हेच त्यांचं जवळचं.

मेंढराची पारख करावी तर मामानेच. सिरसाळ्याच्या बाजारात जाणारी माणसं वाट वाकडी करून त्याला सोबत न्यायची. मला तर तो तोंडावर टोमणे मारायचा. "सायब, तुमी मागून नळी घालून बघता. मी तोंडाकडून बघतो. माझं लवकर कळतं." त्याचा एकच कायदा होता: खातंय म्हंजे बरं हाय. ताप असू दे, नाक गळू दे, लंगडू दे. जनावराने चाऱ्याला तोंड लावलं की अर्धं दुखणं गेलं. ज्याने चारा सोडला, ते गेलं समजा.

आता हे काही अडाणीपण नाही. गोठ्यात शिरल्यावर मीसुद्धा पहिला प्रश्न तोच विचारतो, "खाते का?" मामाने आयुष्यभर याच कायद्यावर कळप राखला होता आणि कायद्याने त्याला क्वचितच दगा दिला होता.

मे महिन्यात कळप गावाशेजारच्या एका रानात बसला होता, आणि तिथे ताराबाईला ताप आला. अंग मोडून आलं, खोकला लागला. सुकन्या गावची आशाताई. तिने निरोप कळताच तपासणी करा म्हणून घोशा लावला. मामाने तिला वाटेला लावलं. "ऊन लागलंय. भाकरी खातीय ना? मग झालं तर." आणि खरंच, ताराबाई भाकरी खात होती. सकाळी एक, संध्याकाळी एक. मामा समोर बसून बघायचा. शेवटचा तुकडा तिच्या तोंडात गेला, की समाधानाने मेंढरांकडे जायचा.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी सुकन्या बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा घेऊन रानात आली. ताराबाईच्या बोटाला लावला, तर आकडा चौऱ्याऐंशी. नव्वदच्या खाली आलं तर थांबायचं नाही, हे सुकन्याला पाठ होतं. तिने मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "तुज्या मशीनचा शेल गेलाय." तिने मामाच्याच बोटाला लावला. सत्त्याण्णव. तरी हा गडी म्हणतो, "बाईमानसाचं हात थंड असत्यात, म्हनून."

सुकन्याने मला फोन केला. रडत नव्हती, पण आवाज चढला होता. "सर, ते माजं ऐकत न्हाईत, तालुक्याच्या डॉक्टरचं तर नावबी काढू देत न्हाईत. तुमचं ऐकतील. तुमी लगीच या."

मी गेलो. बोरीच्या सावलीत ताराबाई बसली होती, मे महिन्याच्या उन्हात अंगावर घोंगडी लपेटून. बोलत होती. मला पाहून हसलीसुद्धा. "सायब, तुमी कावून आले? मेंढरं तर समदी बरी हायेत." मी दहा फुटांवर उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. घरात म्हातारी आई होती आणि तोंडाला दोन दोन मास्क होते.

वाद घालून मामा हलणार नाही हे मला माहीत होतं. बावीस वर्षं त्याच्याशी वाद घालून हरलोय. म्हणून मी वेगळंच विचारलं. "मामा, मेंढी चारा खातेय, पण तुम्हाला तिचा संशय आलाय. मग तुम्ही काय बघता?"

"कूस बघतो," तो म्हणाला. "कूस किती उडती ते."

"कशी मोजता?"

"मोजायला काय घड्याळ लागतंय? तिच्या बाजूला बसायचं. आपला एक दम व्हतो तवर तिचे किती व्हतात ते बघायचं."

"मग बघा की."

मामा माझ्याकडे रागाने बघत राहिला. मी त्याच्या बायकोला मेंढी म्हणालो, एवढ्यावरून एरवी त्याने मला काठी हाणली असती. पण तो गेला. ताराबाईच्या बाजूला मांडी घालून बसला, तिच्या अंगावरची घोंगडी काढली, आणि तिच्या बरगड्यांकडे बघत आपला श्वास घ्यायला लागला. घोंगडीखाली इतका वेळ काय चाललं होतं ते आम्हा सगळ्यांना तेव्हा दिसलं. लोहाराच्या भात्यासारख्या तिच्या बरगड्या चालल्या होत्या. मामाचा एक दम होईपर्यंत तिचे अडीच.

तो उठला. भागवतची बकरं वाहायची पिकअप रस्त्यावर उभी होती, तिचा मागचा फाळका त्याने स्वतः पाडला.

ताराबाई गाडीत चढायला तयार होईना. "मला कावून न्हेता? मी खातीय की! सकाळी भाकरी खाल्ली की न्हाई म्या? इचारा त्यायला." मामाने तिला दोन्ही हातांनी उचलून वर ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला अशी चारचौघांत कधी उचलली नसेल.

सुकन्याने फोनवर फोन करून तालुक्याला ऑक्सिजनचा बेड मिळवला होता. ताराबाई तिथे अकरा दिवस राहिली. आत कुणाला सोडत नव्हते. मामा दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली अकरा दिवस बसून राहिला. कळप भागवतने सांभाळला. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर मामाने डब्याकडे बघितलंही नाही. "सायब," म्हणाला, "आत गेल्यावर डॉक्टरनं इचारलं, किती दिसापासून दम लागतोय. मला सांगता आलं न्हाई." एवढंच बोलला आणि पुन्हा दवाखान्याच्या दाराकडे बघत बसला. या माणसाला दीडशे मेंढरांतल्या प्रत्येकीचा दम माहीत होता.

ताराबाई वाचली. बाराव्या दिवशी त्याच पिकअपमधून परत आली. अंगात काही उरलं नव्हतं, चार पावलं टाकली की बसायची, पण आली. आणि मग गावाने जे केलं ते बघून मी कपाळावर हात मारला. गावाने सटवामामाला वैद्य करून टाकलं! मशीन खोटं, डॉक्टर खोटे, पण सटवाने नुसत्या नजरेने दम मोजला आणि बायको यमाच्या दारातून ओढून आणली, अशी कहाणी तयार झाली. कहाणीत सुकन्या नव्हती, चिमटा नव्हता, बेड नव्हता. ते तीन दिवस तर नव्हतेच. ज्याला एरवी स्वतःचं कौतुक सांगायला माणूस पुरत नसे, तो मामा कौतुक सुरू झालं की उठून जायचा.

जूनमध्ये मी त्याच्या कळपाला लस टोचायला गेलो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्यावी लागते, नाहीतर कोवळं गवत खाऊन मेंढरं पटापट जातात. मामा एकेक मेंढी धरत होता, मी टोचत होतो. ताराबाई बाजूला दगडावर बसली होती. दरवर्षी कोकरं तीच धरायची. त्या वर्षी नुसती बघत होती.

तेवढ्यात गावातून केशरबाई पळत आली. पदर तोंडाला लावलेला, धाप लागलेली. तिचा मुलगा युवराज चार दिवसांपासून तापाने पडला होता. सुकन्या दोनदा दारात जाऊन आली होती, पण केशरबाईने तिला आत घेतलं नव्हतं. ती मामाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "सटवाभाऊ, चला. तुमी येकदा बघा. तुमी म्हनला बरा हाय, तर मला घोर न्हाई. खातोय तो. ताटभर खातोय."

मामाच्या हातात मेंढी होती. त्याने ती सोडली. मला वाटलं आता हा जाणार. नाव झालेलं, बाई हात जोडून उभी, कोण नाही म्हणेल?

"केशरबाई, मला कायबी कळत न्हाई," मामा म्हणाला. "लोक म्हनतात म्या हिला वाचवलं. म्या हिला तीन दिस मारीत व्हतो. ही भाकरी खाती म्हनून म्या बसून राह्यलो. सुकन्या बोंबलत व्हती, तिला म्या हाकललं. तीन दिस आधी न्हेलं असतं तर ही आज बसून बघत न्हसती, कोकरं धरीत असती. हिचा दम म्या खाल्ला. तू माज्याकडं येऊ नको. सुकन्याकडं जा. पोरगं ताटभर खातंय म्हनून बसू नको, पळ!"

केशरबाई आल्या पावली धावत सुटली. युवराजला त्याच दुपारी तालुक्याला नेलं. आठवड्याने तो पायी घरी आला.

रानात आम्ही तिघेच उरलो. मामा ताराबाईकडे बघत नव्हता. महिनाभर पोटात धरलेलं त्याने ओकून टाकलं होतं, आणि आता तिच्या शिव्या खायला मान खाली घालून उभा होता. मी सिरिंज हातात धरून, नसतो तर बरं झालं असतं अशा अवस्थेत.

ताराबाईने शिव्या दिल्या नाहीत. दम घेत घेत, थांबत थांबत बोलली.

"मला घास गिळत न्हवता. पाण्यासंगं ढकलत व्हते. तुमी समोर बसून बघायचे, म्हनून खायचे. तुमी मेंढराकडं गेले की बोरीच्या मागं जाऊन ओकून टाकायचे."

मामाने मान वर केली. "काय बोलती तू?"

"न्हाई खाल्लं तर तुमी दवाखान्यात न्हेलं असतं. तिथून मानूस येत न्हाई म्हनत व्हते समदे. मला वाटलं, मरायचं तर हितंच मरावं, तुमच्या म्होरं."

"आगं, मग तोंडानं सांगायचं न्हाई व्हय!" मामा ओरडला. इतका मोठ्याने की जवळची चार मेंढरं बिचकून पळाली. "म्या काय देव हाय का? पोटातलं मला कसं कळंल?"

"तुमी इचारलं कवा?" ताराबाई म्हणाली. आवाज चढवायला तिच्यात दम नव्हता. "भाकरीकडं बघितलं, माज्याकडं न्हाई. मेंढराला बोलता येत न्हाई, म्हनून त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. मला तर बोलता येतं व्हतं की. चाळीस वर्सं झाली, कसं वाटतंय म्हनून तुमी येकदाबी इचारलं न्हाई."

मामा गेला आणि दगडाजवळ, तिच्या पायाशी जमिनीवर बसला. जन्मात कधी न बोललेले शब्द बोलायचे म्हणजे माणसाची काय गत होते, ते मी त्या दिवशी पाहिलं. दोनदा तोंड उघडून त्याने मिटलं.

"आता," तो म्हणाला, "आता कसं वाटतंय तुला?"

ताराबाईने आधी त्याच्याकडे नीट बघितलं, हा खरंच विचारतोय का म्हणून. मग सांगायला लागली. चढ आला की छातीत कसं होतं ते सांगितलं, झोपेत घाबरून कशी उठते ते सांगितलं, आणि त्याच्याही मागचं, कितीतरी वर्षांपूर्वीचं, पोटातच गेलेल्या बाळाचं सांगायला लागली. पन्नासेक मेंढरं टोचायची राहिली होती. मी दुसऱ्या दिवशी येतो असंही न म्हणता निघालो.