डाव्या दाराची काच

माझी वहिनी गेली बत्तीस वर्षं लोकांचे कपडे उसवते आहे. नवं काही शिवत नाही. कंबर ढिली करणं, बाही आखूड करणं, चेन बदलणं, एवढंच तिचं दुकान, आणि तेही घराच्या पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक कपडा पुढे करून तक्रार सांगायला लागलं की ती हात वर करून त्याला थांबवते. "आधी उसवू दे, मग बोलू." मी शाळेत शिकवून निवृत्त झाले. वरच्या मजल्यावर राहते आणि नको तिथे तोंड घालते, असं तिचं म्हणणं. मला ती मास्तरीणबाई म्हणते. आमचं एकमेकींशी पटत नाही आणि एकमेकींवाचून पानही हलत नाही.

दीड वर्षापूर्वी दादाला, म्हणजे माझ्या भावाला, अर्धांगाचा झटका आला. डावा हात मिटून बसला, पाय ताठ झाला आणि तोंडातून एका वेळी दोन शब्दांच्या वर काही निघेनासं झालं. दर मंगळवारी त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाच्या केंद्रात न्यायचं. तिथली ताई त्याची बोटं एकेक करून उघडते. मध्ये एकदा अंगठा आपणहून हलला, तर वहिनीने ही बातमी पॅन्टची चेन बदलायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा सांगितली. केंद्राचा नियम मात्र कडक आहे. लागोपाठ दोन मंगळवार चुकले की जागा पुढच्या रुग्णाला, आणि रांगेत चाळीस जण.

गाडी वहिनीच चालवते. जुनी आहे, काचा हाताने दांडा फिरवून वरखाली करायच्या. दादाचा पाय वाकत नाही म्हणून त्याला पुढच्या डाव्या सीटवरच बसवावं लागतं, सीट पार मागे सरकवून. एकदा भाड्याच्या गाडीने नेलं होतं. ड्रायव्हरने घाई केली, दादा दारातच पडला, आणि तेव्हापासून परक्या गाडीत तो पाय ठेवत नाही. तर त्याच डाव्या दाराची काच एके दिवशी खटकन आवाज करून दाराच्या पोटात गेली. पुढच्या मंगळवारी वहिनीने तिथे प्लास्टिकचा कागद चिकटवला आणि निघाली. वाऱ्याने कागद फडफडला, डावीकडचा आरसा दिसेना, एक सायकलवाला थोडक्यात वाचला. ती अर्ध्या वाटेवरून गाडी परत घेऊन आली. एक मंगळवार गेला.

गॅरेजवाल्याने खिशातले हात न काढताच दार पाहिलं. "आतली काच उचलायची यंत्रणा गेलीय. रबरही गेलंय. जुनं मॉडेल आहे, सामान यायला पाच आठवडे लागतील. त्यापेक्षा विकून टाका ना." मी मान डोलावली. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान डोलवायची थांबले.

शनिवारी तिने दुकान बंद ठेवलं, अंगणात जुनी चादर अंथरली आणि दारासमोर मांडी ठोकली. "वहिनी, हे कपड्याचं काम नाही," मी म्हणाले. "आधी उसवू दे," ती म्हणाली.

काच फिरवायचा दांडाच आधी निघेना. त्याच्यामागे एक बारीक स्प्रिंग अडकवलेली असते, ती सुटल्याशिवाय तो सुटत नाही. वहिनीने पक्कड बाजूला ठेवली, एक चिंधी दांड्यामागे सरकवली आणि बूट चमकवतात तशी दोन्ही टोकांनी ओढली. टुण्णकन स्प्रिंग उडाली. ती शोधायला अर्थातच मला गुडघ्यांवर बसवलं. मग स्क्रू निघाले, आतलं आवरण निघालं आणि दार उघडं पडलं. वहिनीने टॉर्च मारला आणि आतली कड न् कड बोटाने चाचपली.

"हे बघ," ती म्हणाली. "काच ज्या रबरातून सरकते ते वाळून कडक झालंय. काच अडकायची आणि आपण दांड्यावर जोर लावायचो. सगळा ताण या तारेवर. तुटेल नाही तर काय? नुसती यंत्रणा बदलली तर तीही तुटेल. दोन्ही बदलायचं."

एकेका बोल्टभोवती तिने कपड्याच्या खडूने गोल काढले, म्हणजे परत बसवताना जागा चुकायला नको. मग जुनी यंत्रणा पिशवीत घालून ती भंगारवाल्याकडे गेली.

मी अंगणात एकटी उरले. चादरीवर दाराची आतडी पसरलेली, स्क्रू बटणांच्या डब्यात. हे परत जोडलं जाणार नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी वर गेले आणि केंद्राला फोन लावला. म्हटलं, आम्हाला जमणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्या वेळी मला तो शहाणपणा वाटला. खरं सांगायचं तर मी भ्याले होते. दादा बरा होईल ही आशा दर आठवड्याला नव्याने धरायची, हे मला झेपत नव्हतं. वहिनीला झेपत होतं, याचा रागही होता.

ती तिसऱ्या प्रहरी आली ती कोपरापर्यंत काळी होऊन. ठोकर बसलेल्या अगदी तशाच गाडीच्या डाव्या दारातून तिने स्वतःच्या हाताने यंत्रणा काढून आणली होती. रबर दुकानातून टेपने मोजून घेतलं होतं, दुकानदाराच्या टेपने नाही, स्वतःच्या.

रविवारी जोडाजोड झाली. काच धरायचं काम माझं. "वर धर. अजून वर. मास्तरीणबाई, काच आहे, हजेरीपट नाही, दोन्ही हातांनी धर!" दाराच्या आतल्या पत्र्याने तिचं मनगट कापलं. तिने चिंधी गुंडाळली आणि पुन्हा हात आत घातला. बोल्ट खडूच्या गोलांत बसले. संध्याकाळी दांडा फिरवला तर काच लोण्यातून यावी तशी वर आली. खिडकीत बसलेला दादा हसला. तेव्हाच मी फोनचं सांगायला हवं होतं. जीभ रेटेना.

सोमवारी सकाळी पाण्याची परीक्षा होती. दादा म्हणाला, "मी. आत." वहिनीने त्याला सीटवर बसवलं, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, काच लावली आणि बाहेरून नळीने पाणी सोडलं. थोड्याच वेळात आतून काचेवर टकटक झाली.

"गळतंय!" दादा ओरडला. वरच्या कोपऱ्यातून थेंब येत होते आणि वर्तमानपत्र भिजलं होतं. बायकोची चूक पकडल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. मलाही आत कुठेतरी हायसं वाटलं. काम फसलं तर फोनचं सांगावं लागणार नव्हतं. आपण इतक्या खालच्या थराला जाऊ शकतो, हे मला या वयात समजलं.

वहिनी पायरीवर बसली. चहा निवून गेला तरी बसलेलीच. मग तिने कपाळावर हात मारला. "मी इलॅस्टिक लावलं!"

"कुठे?"

"अगं, रबर! आयुष्यभर इलॅस्टिक ताणून शिवत आले. काल हेही ताणून ताणून खोबणीत बसवलं आणि वर उरलं म्हणून कापलं. रात्रीत ते आकसलं आणि कोपरा सोडून बसलं. कुठल्याही मेकॅनिकने अशी चूक केली नसती." ती स्वतःवरच खदाखदा हसली. मी मात्र ओळखलं, हसली म्हणजे ती पुन्हा उसवणार.

तिने उसवलंच. कापलेला तुकडा बटणांच्या डब्यातच होता, चिंधी टाकायची नाही ही तिची खोड. तुकडा आणि रबर दोन्हींची टोकं तिने तिरपी कापली, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवली आणि हा जोड दारात पार खाली, काच लावल्यावर दिसणार नाही आणि पाणी पोचणार नाही अशा जागी नेला. या वेळी ताणलं नाही. उलट रबर ढिलं सोडत, कोपऱ्यात अंगठ्याने दाबून दाबून भरलं. दुपार त्यातच गेली. रात्रभर त्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला.

मंगळवारी सातला पुन्हा नळी, पुन्हा वर्तमानपत्र. दादाने कोपऱ्यावर बोट फिरवलं, बोट न्याहाळलं, पुन्हा फिरवलं. वहिनी बाहेर नळी धरून उभी.

"कोरडं," तो म्हणाला. स्वर किंचित नाराज होता.

वहिनीने पदराला हात पुसले आणि किल्ली घेतली. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं, गाडीजवळ उभी राहून, दादाच्या देखत. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडताना मी त्या दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली. मग मागचं दार उघडलं. "बस. तू घालवलीस, तूच चल मागायला."

वाटेत डावीकडचा आरसा स्वच्छ दिसत होता.

काउंटरवरच्या बाईने वही उघडली. "नाव कमी केलंय. घरून फोन आला होता."

"तो फोन माझा होता," मी म्हणाले. "चूक माझी आहे. माझ्या भावाला शिक्षा नको."

"पण जागा दिली हो दुसऱ्यांना."

वहिनीने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात दादा भिंतीला धरून पुढे आला आणि मिटलेला डावा हात उजव्या हाताने उचलून काउंटरवर ठेवला.

"माझा हात," तो म्हणाला आणि अडला. त्याचे अडलेले शब्द पुरवायची आम्हा दोघींनाही वाईट खोड आहे. वहिनीने माझं मनगट घट्ट दाबलं. दोघीही गप्प राहिलो.

"मला विचारा," दादा म्हणाला.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ ती आमच्याशी बोलत होती. "काका, तुम्हाला यायचंय?"

"हो."

तिने पेन उचललं. "नवीन रुग्ण पुढच्या आठवड्यापासून येणार आहेत. आजची वेळ मोकळी आहे, आज आत जा. पुढचं मी ताईंशी बोलते. पण आता कुणाचा फोन आला तरी तुम्हाला विचारल्याशिवाय नाव काढणार नाही." तिने त्याचं नाव लिहिलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. दादाने ते नीट वाचलं, मग आम्हा दोघींना बाकाकडे बोट दाखवलं आणि एकटाच आत गेला.